शुश्रूषा करणाऱ्याची विचारपूस



घरातील वडीलधारे माणूस अंथरुणाला खिळले की आपला समाज धावून येतो. भावकी येते, बाजारपेठेतील शेजारी येतात, शहाळी आणि फळांच्या पिशव्या येतात. येणारा प्रत्येक जण पलंगाजवळ बसून रुग्णाची प्रकृती आस्थेने विचारतो. जी व्यक्ती त्या रुग्णासाठी रात्रभर जागली, तिची प्रकृती मात्र क्वचितच कोणी विचारतो. हा दोष मी इतरांना देत नाही, कारण मीही ती विचारली नव्हती.

काही वर्षांपूर्वी माझ्या मातोश्रींना पक्षाघाताचा झटका आला आणि पुढील तीन वर्षे त्या अंथरुणावरच होत्या. मी पडलो बँकेतला माणूस. औषधांची बिले, विम्याचे दावे, तपासण्यांचे अहवाल यांची तारीखवार फाइल मी ठेवली होती आणि तिचा मला अभिमानही होता. रुग्णालयातून घरी सोडताना बिल चुकते करण्यात माझा अर्धा दिवस गेला. आईंना नळीतून पेज कशी द्यावी, दर दोन तासांनी कूस कशी बदलावी, हे माझ्या पत्नीला समजावण्यात तेथील मंडळींची जेमतेम पाच मिनिटे गेली. त्या पाच मिनिटांच्या शिदोरीवर तिने तीन वर्षे काढली. तिसऱ्या वर्षी एका सकाळी ती स्वयंपाकघरात भोवळ येऊन पडली. डॉक्टरांनी विचारले, ‘‘यांचा रक्तदाब यापूर्वी केव्हा तपासला होता?’’ घरात कोणालाच सांगता येईना. माझ्या त्या नीटनेटक्या फाइलमध्ये तिच्या नावाचे एकही पान नव्हते.

निवृत्तीनंतर या विषयावरील वाचन करू लागलो, तेव्हा कळले की परिचारिकांनी याचा शास्त्रशुद्ध अभ्यास फार पूर्वीच आरंभिला आहे. अमेरिकेतील नॅन्सी मोल्टर या परिचारिकेने १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अत्यवस्थ रुग्णांच्या ४० नातेवाइकांना प्रत्यक्ष भेटून, त्यांच्या ४५ गरजांपैकी कोणती किती महत्त्वाची वाटते, हे विचारले. आशेला जागा आहे असे वाटणे, ही गरज सर्वांत वर आली. रुग्णाच्या नातेवाइकाच्याही स्वतंत्र गरजा असतात आणि त्या मोजता येतात, हा विचार अशा अभ्यासांमुळे रुजला.

पुढचे उदाहरण आकड्यांचे असल्यामुळे व्यापारी वाचकांना विशेष रुचेल. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील परिचर्याशास्त्राच्या प्राध्यापिका मेरी नेलर यांनी ६५ वर्षांवरील ३६३ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना नेहमीप्रमाणे घरी सोडले. उरलेल्यांसाठी उच्चशिक्षित परिचारिका नेमल्या. दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत परिचारिका रुग्णाला व कुटुंबाला भेटे. घरी गेल्यावर पुन्हा ४८ तासांत ती दारात हजर होई, सात ते दहा दिवसांनी दुसरी भेट देई, दर आठवड्याला फोन करी आणि आठवड्याचे सातही दिवस फोनवर उपलब्ध असे. ही व्यवस्था अवघी चार आठवड्यांची होती. चोवीस आठवड्यांनंतर पाहिले, तेव्हा नेहमीच्या पद्धतीतील ३७ टक्के रुग्ण पुन्हा दाखल झाले होते. परिचारिकेची सोबत असलेल्यांत हेच प्रमाण २० टक्के होते. वैद्यकीय खर्च एकीकडे सुमारे १२ लाख डॉलर, तर दुसरीकडे सुमारे साडेसहा लाख. परिचारिकेचा पगार ज्यांना खर्च वाटतो, त्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून पाहावेत.

मात्र घरच्यांना शिकवले की काम झाले, असा निष्कर्ष घाईने काढू नये. आपल्याच देशातील १४ रुग्णालयांत पक्षाघाताच्या १२५० रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला; त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. एका गटातील नातेवाइकांना रुग्णाकडून व्यायाम व हालचाली करून घेण्याचे प्रशिक्षण दिले, दुसऱ्याला नेहमीचेच उपचार मिळाले. सहा महिन्यांनंतर मृत्यू पावलेल्या वा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, म्हणजे ४७ टक्के निघाले. रोग निराळा, मोजमाप निराळे, त्यामुळे दोन अभ्यासांची थेट तुलना योग्य नव्हे. तरीही मला त्यातून इतके उमगले की, तज्ज्ञाचे काम घरच्यांच्या हाती सोपवणे आणि घरच्यांना आधार देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नातेवाइकाला शिकवणे आवश्यकच आहे. भारतात ‘नूरा हेल्थ’सारखी संस्था रुग्णालयातील परिचारिकांमार्फत असे वर्ग घेते. परंतु शिकवून झाल्यावर पाठीशी उभे राहणारे कोणीतरी हवे.

ते नसेल तर काय होते? पिट्सबर्ग विद्यापीठातील शुल्झ व बीच यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६६ ते ९६ वयाच्या जोडीदारांची चार वर्षे नोंद ठेवली. आजारी पती वा पत्नीची काळजी घेताना ज्यांना ताण जाणवत होता, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक आढळले. काळजी घेऊनही ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात अशी वाढ दिसली नाही. म्हणजे सेवा घातक नाही. एकाकी, न संपणारी सेवा घातक ठरू शकते. हा ताण मोजण्यासाठी झारिट यांची २२ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, एकूण ८८. ‘स्वतःसाठी वेळ उरत नाही असे वाटते का?’ अशा धर्तीचे ते साधे प्रश्न आहेत. माझ्या घरी ते कोणी विचारले असते, तर भोवळ येण्यापूर्वीच आम्ही सावध झालो असतो.

आपल्या परंपरेत वैयावृत्याची गणना तपात होते. पण तप स्वेच्छेने करावयाचे असते. घरातील एकाच सुनेवर ते लादून बाकीच्यांनी पुण्याचे वाटेकरी व्हावे, हे न्याय्य नव्हे. दुकानातील नोकराला आठवड्याची सुटी मिळते. अंथरुणावरील सासूबाईंची सेवा करणाऱ्या सुनेला कोणता वार सुटीचा असतो?

म्हणून अनुभवाअंती काही सूचना करतो. रुग्णालयातून निघण्यापूर्वी परिचारिकेसमोर प्रत्येक कृती स्वतः एकदा करून दाखवावी आणि सूचना आपल्या शब्दांत परत सांगाव्यात. चूक तेथेच दुरुस्त होते. अडचण आल्यास कोणाला, कोणत्या वेळी फोन करायचा, हे लिहून घ्यावे. धोक्याच्या खुणाही विचाराव्यात. उदाहरणार्थ, हृदय अशक्त झालेल्या रुग्णाचे वजन रोज सकाळी करावे आणि ते दोन-तीन दिवसांत एक-दोन किलोंनी वाढले तर अंगात पाणी साठत असल्याची शंका घेऊन डॉक्टरांना कळवावे. घरातील पुरुषांनी रात्रीच्या पाळ्या वाटून घ्याव्यात. परवडत असेल तर आठवड्यातून निदान काही तास प्रशिक्षित परिचारिका बोलवावी. आणि रुग्णाच्या फाइलमध्ये शुश्रूषा करणाऱ्याच्या नावाचे एक पान ठेवून त्यावर त्याच्या रक्तदाबाची, साखरेची आणि झोपेच्या तासांची नोंद करावी.

मातोश्री आता नाहीत. पत्नीची प्रकृती औषधांनी सावरली आहे. तिची फाइल मीच ठेवतो. पुढच्या वेळी आपण कोणा आजाऱ्याला भेटायला जाल, तेव्हा पलंगाजवळून उठल्यावर घटकाभर स्वयंपाकघरापाशी थांबा आणि तेथे राबणाऱ्या व्यक्तीला विचारा, ‘‘तुमची झोप होते ना?’’ उत्तर ऐकायला मात्र वेळ काढून जा.