पाण्यावर गाडी? वीज कुठली ते आधी विचारा



तो व्हिडिओ परत फिरायला लागलाय. बरणीत पाणी, दोन पत्रे, बॅटरीची वायर, बुडबुडे, आणि नळी थेट इंजिनाच्या एअर फिल्टरला. म्हणे निम्मं डिझेल वाचतं. पौडकडच्या चार-पाच जणांनी मला पाठवला, ट्रॅक्टरला कीट बसवू का म्हणून. माझं मत सरळ आहे. बसवू नका.

बुडबुडे खोटे नाहीत. पाण्यात वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतो, हे आपण शाळेत शिकलोय. हायड्रोजन पेटतो हेही खरं. पण पेटल्यावर त्याचं होतं काय? परत पाणीच. म्हणजे पाणी ही हायड्रोजनची राख झाली. चुलीत राख घालून कुणी भाकरी भाजली आहे का?

आता ती वीज गाडीत येते कुठून? डायनामोवरून. डायनामो फिरवतं इंजिन, आणि इंजिन पितं डिझेल. डिझेलची वीज, विजेचा गॅस, गॅस परत इंजिनात. प्रत्येक टप्प्याला गळती आहे. पाट तीन ठिकाणी फुटलाय आणि म्हणे शेवटच्या वाफ्याला जास्त पाणी मिळणार!

हिशोब बघा. 1 किलो हायड्रोजन काढायला साधारण 9 लिटर पाणी आणि 50 ते 55 युनिट वीज लागते. तेवढ्यात आपली 5 एचपीची मोटर बारा-तेरा तास चालेल. आणि त्या किलोभर गॅसात ऊर्जा असते 33 युनिटच्या आसपास, तीही इंजिनात पुरी हाताला लागत नाही. व्हिडिओत फक्त 9 लिटर पाणी दाखवतात, 50 युनिट दाखवत नाहीत.

आपण मुळशीकरांनी तरी यात फसू नये. आपल्या धरणाचं पाणी डोंगराखालून भिऱ्याला उतरतं, 1927 पासून त्यावर वीज होते. त्या धरणापायी आपली गावं बुडाली, सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला. पण तिथंही पाणी जळत नाही, ते उंचावरून पडतं म्हणून चाक फिरतं. भिऱ्यालाच 150 मेगावॅटचा एक संच असा आहे की तो उलटा चालवून खालचं पाणी वर चढवता येतं. चढवायला जेवढी वीज जाते तेवढी उतरताना मिळत नाही. तरी करतात, कारण वीज शिल्लक असते तेव्हा चढवायचं आणि मागणी वाढली की सोडायचं. हायड्रोजनचं काम तसंच आहे, कणगीसारखं. कणगीत धान्य पिकत नाही, साठतं.

म्हणून हायड्रोजनच्या गाडीला मी हसत नाही. आपल्याच तालुक्यातल्या हिंजवडीच्या केपीआयटीने सीएसआयआरच्या प्रयोगशाळांबरोबर 2020 ला कार चालवून दाखवली, ऑगस्ट 2022 ला पुण्यात बस आणली. त्यात हायड्रोजन बाहेरून टाकीत भरतात, फ्युएल सेलमध्ये त्याची वीज होते आणि पाणी बाहेर पडतं. इंधन म्हणून त्यात कुणी पाणी ओतत नाही.

कीटमध्ये पैशापेक्षा मोठा धोका वेगळाच. दोन्ही गॅस एकाच नळीत मिसळलेले असतात. ठिणगी मागे आली तर बरणी फुटते, आणि आतल्या पाण्यात बहुतेक वेळा कॉस्टिक टाकलेलं असतं. डोळ्यात उडालं तर काय होईल सांगायला नको. सीएनजी कीटची आरसी बुकात नोंद लागते. याची नोंद कुठे आहे, हे विकणाऱ्याला विचारा. मग उद्या अपघात झाला तर विमावाले काय म्हणतील तेही विचारा.

माझ्या मते हायड्रोजन आपल्या बांधावर यायचा तो गाडीतून नाही, युरियाच्या गोणीतून. युरियाला अमोनिया लागतो, अमोनियाला हायड्रोजन, आणि आज तो आपल्याकडे मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढतात. त्यातला बराच वायू परदेशातून येतो. केंद्राने जानेवारी 2023 मध्ये हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं, 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचं लक्ष्य आहे. तो हायड्रोजन आधी खताच्या कारखान्यांना द्या, मोटारींचं नंतर बघू.

तरी कुणाच्या ट्रॅक्टरला कीट बसलेलं असेल आणि खरंच डिझेल वाचत असेल, तर टाकी फुल ते टाकी फुल असा दहा दिवसांचा हिशोब खाली लिहा. कीट चालू असताना पाच दिवस, बंद ठेवून पाच दिवस. शेत तेच, औजार तेच. व्हिडिओ नको.