शिक्षकांचा रविवार
शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास लिहिले आहेत, पाठांच्या तयारीसह. कमाल किती, हे तिथे लिहिलेले नाही, आणि खरे दुखणे तेच आहे. कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळता अशैक्षणिक कामांना मनाई करते. मतदारयादीचे काम मात्र निवडणुकीतच मोडते. हे काम सुट्टीच्या दिवशी द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले. वर्गातले तास वाचले, ते योग्यच झाले. किंमत मोजली ती शिक्षकांच्या घरांनी. मतदारयादीसाठी बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) असलेल्या बाई रविवारी दारोदार फिरतात तेव्हा त्यांची स्वतःची मुले कोण सांभाळते, हे कोणतेही परिपत्रक विचारत नाही. वर यू-डायस या शासकीय शालेय माहिती प्रणालीत भरायची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी आणि रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे ‘आजच पाठवा’. द्विशिक्षकी शाळेत हा सारा भार दोघांवरच. राज्य सरकारने शाळांच्या प्रत्येक केंद्राला माहिती भरण्यासाठी लिपिक द्यावा, सुट्टीतल्या कामाची बदली रजा सक्तीची करावी आणि शाळा सुटल्यानंतर आलेल्या संदेशांना दुसऱ्या दिवशी उत्तर देण्याची मुभा लेखी आदेशानेच द्यावी.