अमूर्ताची मूर्त बाजू : स्टुडिओतील प्रक्रिया आणि मराठी समीक्षेचे मौन

१

‘निर्मितिप्रक्रिया’ ही संज्ञा मराठी समीक्षेत जितकी वापरली गेली आहे तितकीच ती रिकामी राहिली आहे. कवीला पहिली ओळ कुठे सुचली, कोणत्या अस्वस्थतेतून कादंबरीचे बीज पडले, याची हकीगत म्हणजे निर्मितिप्रक्रिया, असे आपण मानत आलो. ओळ सुचल्यानंतर कागदावर काय घडले, कोणता शब्द कशासाठी खोडला गेला, कोणत्या कडव्याने आधीच्या कडव्याला अर्थ बदलायला लावले, ही चौकशी क्वचितच होते. साहित्याच्या बाबतीत हा दोष झाकून जातो. शब्दांना अर्थ असतात आणि अर्थांविषयी बोलत राहिले की समीक्षा केल्याचे समाधान मिळते. अमूर्त चित्रासमोर मात्र तो उघडा पडतो. तिथे कथानक नसते, पात्र नसते, आशय सांगून मोकळे व्हावे असा विषयही नसतो. मग समीक्षक एक तर गप्प बसतो, नाही तर निर्गुण, शून्य, मौन, ध्यान, अनंत अशा पाच-सहा शब्दांच्या आश्रयाला जातो. हे शब्द चित्राचे वर्णन करीत नाहीत. ते समीक्षकाची सुटका करतात.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे : अमूर्त चित्र स्टुडिओत कसे तयार होते याचे वर्णन ही त्याच्या समीक्षेची पहिली पायरी आहे. ती पायरी आपण गाळली आहे. आणि ती गाळण्यामागे केवळ आळस नाही, तर हाताच्या कामाविषयी आपल्या विचारात मुरलेला तुच्छभाव आहे.

२

वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांचे उदाहरण घेऊ, कारण उपरोक्त शब्दसंग्रहाचा सर्वाधिक भार त्यांच्याच चित्रांवर पडला आहे. त्यांचा जन्म नागपूरचा. १९४८ साली त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली, पुढे भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमधील स्टुडिओत काम केले आणि १९७२ पासून ते दिल्लीत राहिले. झेन विचाराची ओढ, एकांताची आवड, मोजके बोलणे : एवढ्या चरित्रसामग्रीवर ‘चित्रकार-योगी’ ही प्रतिमा उभी राहिली आणि पुढे चित्रांऐवजी त्या प्रतिमेचेच विवेचन होत गेले.

आता कॅनव्हासकडे पाहू. गायतोंडे यांच्या प्रौढ काळातील चित्रांत मुख्य साधन कुंचला नसून रोलर आणि पॅलेट नाइफ आहे. रोलरने रंगाचा पातळ, सलग पापुद्रा पसरतो. त्यात कुंचल्याच्या फटकाऱ्याप्रमाणे चित्रकाराच्या मनगटाची सही उमटत नाही. त्यावर दुसरा पापुद्रा, मग तिसरा. पातळ थर पारदर्शक राहतो, म्हणून खालच्या रंगाचा उजेड वरच्या रंगातून झिरपतो. नंतर नाइफने काही भाग खरवडला की खालचा थर पुन्हा वर येतो. कधी कागदाचे कापलेले वा फाडलेले तुकडे ओल्या रंगावर दाबून रंग उचलून घेतला जातो किंवा कागदावरचा रंग कॅनव्हासवर उतरवला जातो. ज्यांना आपण गूढ चिन्हे, हरवलेल्या लिपीतील अक्षरे वगैरे म्हणतो, त्यांतील कित्येक आकार या दाबण्या-उचलण्यातून आलेले आहेत.

या कामात काळाचे स्थान कोणते, हा प्रश्न तर आपल्या समीक्षेने विचारलेलाच नाही. तैलरंग वाळतो म्हणजे त्यातील पाणी उडून जाते असे नव्हे. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होत जाते आणि थराच्या जाडीप्रमाणे त्याला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. थर फार ओला असताना खरवडला तर खालचा रंग वरच्यात मिसळून गढूळ होतो. पुरता वाळल्यावर खरवडला तर नुसता ओरखडा उठतो. हवी असते ती मधली अवस्था, आणि ती घड्याळाने कळत नाही, पाहूनच कळते. गायतोंडे कॅनव्हाससमोर तासन्‌तास बसून राहत आणि वर्षाला पाच-सहा चित्रांपलीकडे सहसा जात नसत, ही माहिती आपल्याकडे समाधिस्थ वृत्तीचा पुरावा म्हणून दिली जाते. तिचा निदान निम्मा अर्थ असा की, हा कारागीर आपला पदार्थ ओळखत होता आणि त्याची वाट पाहत होता. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ साली भरवलेल्या त्यांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनाच्या शीर्षकात ‘प्रक्रिया’ हा शब्द होता. तो शब्द आधी आपल्याकडे उच्चारला जायला हवा होता.

मराठीत साधने नव्हती असेही म्हणता येणार नाही. प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचे ‘कोरा कॅनव्हास’ १९९० साली प्रसिद्ध झाले. बरवे काटेकोर अर्थाने अमूर्त चित्रकार नव्हेत. त्यांच्या चित्रांत वस्तू ओळखू येतात. पण त्या वस्तूंना नेहमीच्या संबंधांतून सोडवून रिकाम्या अवकाशात ठेवताना कोणते प्रश्न पडतात, याचा विचार या पुस्तकात आहे. बरव्यांनी एनॅमल रंग वापरला. दारे-खिडक्यांना देतात तो हा रंग स्वतःच पसरून सपाट, चकचकीत होतो आणि हाताची खूण पुसून टाकतो. वस्तूंना जो अलिप्त, निर्विकार चेहरा त्यांच्या चित्रांत मिळतो, त्यात या रंगाच्या स्वभावाचा वाटा किती, हा समीक्षेचा प्रश्न आहे. आपण मात्र ‘कोरा कॅनव्हास’ बहुधा ललित गद्य म्हणून वाचले आणि त्यातील तरल वाक्यांखाली रेघा मारल्या. जुन्नर तालुक्यातील ओतूरचे सुभाष अवचट यांच्या पुस्तकाचे तर नावच ‘स्टुडिओ’ आहे. चित्रकार आपल्याला कामाच्या जागेचा दरवाजा उघडून देत असताना आपण उंबऱ्यावरच ‘प्रतिभा’, ‘प्रतिभा’ म्हणत थांबलो आहोत.

३

अलीकडे या शब्दसंग्रहाला देशीपणाचे नवे बळ मिळाले आहे. अमूर्त चित्रकला ही पाश्चात्त्यांची उसनवारी नव्हे, तिचे मूळ आपल्याच निर्गुणोपासनेत आहे, असा हा युक्तिवाद. पुरावा म्हणून जुन्नर-आंबेगावसारखा प्रदेश हाताशी असतोच. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी आणि तुळजा येथील बौद्ध लेण्यांत बुद्धाची मूर्ती जवळजवळ नाही, स्तूप आहे. शिवारात मूर्तीऐवजी शेंदूर माखलेला तांदळा आहे. तेव्हा आमची परंपराच मुळात अमूर्ताची, असे अनुमान काढले जाते.

हे अनुमान दोन्ही बाजूंनी चुकीचे आहे. शेंदराच्या दगडापुढे नारळ फोडणाऱ्या माणसासाठी तो दगड ‘अमूर्त’ नसतो. देव तिथेच, त्याच दगडात असतो. आकृती नाही म्हणजे अमूर्त, ही आपली वर्गातली व्याख्या आपण त्याच्यावर लादतो. दिसेनासे होणे हीच अमूर्ताची खूण मानायची तर ज्या आंबेगावाचे नाव तालुका आजही मिरवतो, ते डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलेले गाव आपले सर्वश्रेष्ठ अमूर्त शिल्प ठरेल. तिथून उठून गेलेल्यांना हे सांगायला कोणी धजणार नाही. चित्राबद्दल मात्र आपण असे काहीही बेधडक बोलतो.

शब्दाकडेच पाहू. ‘मूर्त’ हे ‘मूर्छ्’ या धातूपासून आलेले रूप आहे. त्याचा जुना अर्थ गोठलेले, घट्ट झालेले. बृहदारण्यकोपनिषदात ब्रह्माची मूर्त आणि अमूर्त अशी दोन रूपे सांगितली आहेत आणि अमूर्ताच्या बाजूला वायू व अंतरिक्ष ठेवले आहे. या अर्थाने थरावर थर गोठवत नेलेला तैलरंगाचा कॅनव्हास ही अत्यंत मूर्त वस्तू आहे. निसर्गचित्रात आपली नजर रंग ओलांडून झाडाकडे जाते. इथे ओलांडून जायला झाडच नसते, नजर रंगावरच थांबते. खुद्द गायतोंडे यांना ‘अमूर्त’ हे विशेषण मान्य नव्हते. आपली चित्रे वस्तुनिरपेक्ष आहेत, असे ते म्हणत. वस्तूच्या चित्रणापासून मोकळे होणे वेगळे आणि पदार्थापासून मोकळे होणे वेगळे. आपल्या समीक्षेने पहिल्याला दुसरे समजून सगळा गोंधळ केला.

जुन्नरची लेणी या वादात खरी साक्ष देतात ती वेगळ्याच कारणाने. मानमोडीच्या डोंगरातील अंबा-अंबिका गटात एक चैत्यगृह अपुरे राहिले आहे. लेणे वरून खाली कोरत आणतात. काढलेला दगड परत बसवता येत नाही. अपुऱ्या लेण्यात हा क्रम, कुठे थांबले, पुढे काय काढायचे बाकी होते, हे भिंतीवरच वाचता येते. त्यासाठी खोदणाऱ्याच्या मनात शिरावे लागत नाही. समीक्षेला शिकायचे असेल तर ते स्तूपाच्या ‘निराकारा’पासून नव्हे, या अपुऱ्या भिंतीपासून.

४

या भूमिकेवर दोन आक्षेप अपेक्षित आहेत.

पहिला रूपवाद्यांचा. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर कलाकृतीची घडण उभी केली. कृती पूर्ण झाल्यावर तिच्यातील संबंध तेवढे पाहायचे, ती कशी झाली याच्याशी समीक्षेला कर्तव्य नाही, असे त्यांच्या मार्गाने जाणारा अभ्यासक म्हणेल. विमसॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ साली लेखकाच्या हेतूला मूल्यमापनातून बाहेर काढले, याचाही तो हवाला देईल. हा आक्षेप मनोव्यापारांच्या हकीगतींना लागू पडतो आणि तिथे तो मला पूर्ण मान्य आहे. पण स्टुडिओतील प्रक्रिया म्हणजे हेतू नव्हे. ती कृतीच्या पृष्ठभागावर शिल्लक असते : खरवडलेल्या कडेला, खालून झिरपणाऱ्या पिवळ्यात, कागदाने उचलून नेलेल्या रंगाच्या रिकाम्या जागेत. ती संहितेबाहेरची नाही, संहितेचाच भाग आहे. किंबहुना थरांचा क्रम ध्यानात न घेता त्यांच्यातील संवाद वा विरोध सांगताच येणार नाही, कारण वरचा रंग खालच्यामुळेच तसा दिसतो.

दुसरा आक्षेप असा की, चित्रकार स्वतःच मौनाविषयी, अंतर्मुखतेविषयी बोलला असेल तर समीक्षकाने ते नाकारावे का? नाकारू नये, पण ते चित्राच्या जागी ठेवूही नये. चित्रकाराची श्रद्धा त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा कॅनव्हाससमोर बसवते, ही तिची कामगिरी मोठी आहे. पण ध्यान करणारे अनेक आहेत आणि त्यांच्या ध्यानातून चित्रे झालेली नाहीत. जो फरक पडला तो रोलरपाशी, नाइफपाशी, थांबण्याच्या निर्णयापाशी पडला. समीक्षेचे काम त्या फरकाचे आहे.

शिवाय गूढतेच्या भाषेचे लाभार्थी कोण, हेही विचारले पाहिजे. २०१३ साली मुंबईतील लिलावात गायतोंडे यांचे एक चित्र २३.७ कोटी रुपयांना विकले गेले. किंमत काय असावी हा समीक्षेचा विषय नव्हे. पण ज्या वस्तूविषयी ‘शब्दांच्या पलीकडे’ एवढेच बोलले जाते, तिच्याविषयी शेवटी बोलण्यासारखी एकच गोष्ट उरते, आणि ती म्हणजे किंमत. समीक्षक मौन पाळतो तेव्हा लिलावाचा हातोडा बोलतो.

५

आता मूळ मुद्दा. प्रक्रियेचे वर्णन करायला आपण का बिचकतो? कारण तसे केले की कला ‘कारागिरी’च्या पंक्तीला जाऊन बसेल अशी भीती वाटते. ही भीती निरागस नाही. ज्या समाजात डोक्याचे काम आणि हाताचे काम जातींमध्ये वाटले गेले, त्या समाजात ‘प्रतिभा’ आणि ‘हुन्नर’ हे शब्दही तसेच वाटले गेले. जुन्नर एके काळी हातकागदासाठी प्रसिद्ध होते. जुन्नरी कागद मराठी अंमलात दप्तरांसाठी वापरला जाई. लगदा कुटायचा, तो जाळीवर उचलायचा, ताव वाळवायचा, खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा, तेव्हा कुठे त्यावर बोरू चाले. त्या कागदावर काय लिहिले गेले याचा इतिहास आपण अभिमानाने शिकवतो. ज्यांनी तो घोटला त्या कागदींना वाङ्मयेतिहासात तळटीपही मिळत नाही. कागद घोटणे आणि कॅनव्हासवर थर देणे या एकच गोष्टी आहेत असे मी म्हणत नाही. घोटणाऱ्याला ताव कसा व्हायला हवा हे आधीच ठाऊक असते. अमूर्त चित्रकाराला पुढचा थर कोणता हे आधीच्या थराकडे पाहूनच ठरवावे लागते. हाच तो भेद. पण हा भेद सांगण्यासाठीसुद्धा दोन्ही कामे आधी पाहावी लागतात.

साहित्याच्या अभ्यासकाला याचे काय, असे कोणी विचारील. जात्यावरच्या ओवीचा विचार करून पाहावा. ओवीची लय आपण छंदःशास्त्रात मोजतो. पण ती खुंट्याला धरलेल्या हाताच्या फेऱ्याशी, दाण्याच्या मुठीशी आणि श्वासाशी बांधलेली असते. तिथे ‘आधी सुचणे आणि मग मांडणे’ असे दोन टप्पे पाडता येत नाहीत. दळणाऱ्या बाईची निर्मितिप्रक्रिया तिच्या हातात आहे आणि ती आपल्याला दिसत नाही, कारण आपण ती मनातच शोधतो. स्टुडिओत जी नजर कमावता येते तीच नजर इथे लागते, आणि खोडाखोड केलेल्या हस्तलिखिताच्या वाचनालाही तीच लागते.

या सगळ्याची झळ वर्गाला लागते. जुन्नर-आंबेगावच्या गावांतून पदव्युत्तर वर्गात येणाऱ्या मुलामुलींचे हात कामाला सरावलेले असतात. ओल कधी हवी आणि वाफसा कधी आला हे त्यांना मातीकडे पाहून कळते. त्यांना आपण शिकवतो की कला म्हणजे अनिर्वचनीय साक्षात्कार. मग ती मुले उत्तरपत्रिकेत ‘चित्रकाराने निर्गुणाचा अनुभव दिला आहे’ असे लिहितात आणि गुण मिळवतात. चित्र त्यांनी पाहिलेले नसते, आणि पाहायची गरज आहे असे आपणही सुचवलेले नसते. ज्यांच्याकडे पाहण्याची सामग्री आहे त्यांनाच आपण न पाहता बोलायला शिकवतो. आपल्या विषयाचे यापेक्षा मोठे नुकसान मला दिसत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. अमूर्त चित्रावर लिहिणाऱ्याने आधी कोणता थर खाली आहे, कोणता वर, कुठे रंग उचलला आहे, कुठे तो वाळू दिला आहे, हे लिहावे. एवढे लिहून झाल्यावर निर्गुण हा शब्द अजूनही आवश्यक वाटला तर त्याने तो अवश्य वापरावा. बहुतेकांना तो लागणार नाही.