तीन दिवसांचं पीठ



ऋतू बघायचे तर खेड्यात जावं, शहरात काय कळणार पाऊस आणि थंडी, असं परवा एका लग्नात कुणीतरी म्हणालं. मी गप्प बसले, पण पटलं नाही. माझा जन्म कोल्हापूरचा, सासर कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतलं. शेत आमच्या कुणाच्या नावावर नाही. तरी कुठला ऋतू चाललाय हे मला कॅलेंडर न बघता सांगता येतं. ते मला आमच्या गल्लीतल्या गिरणीनं शिकवलं.

आपल्याकडे पिठाची मर्यादा तुम्हाला ठाऊकच आहे. थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीनच. लग्न होऊन आले तेव्हा आत्याबाई डब्याच्या झाकणावर खडूनं दळल्याची तिथी लिहायच्या. मला तेव्हा ते जरा जाचक वाटायचं, खोटं कशाला बोलू! पुढं कळलं की ओल्या हवेत पिठाला जाळी धरते, पोरकिडे होतात, आणि ते जीव आपल्या पोटात जाऊ नयेत म्हणून हा हिशोब. साधू पावसाळ्यात विहार थांबवून एका जागी राहतात त्यामागंही हीच काळजी. म्हणजे आपला धर्मच मुळी ऋतू बघून चालतो.

पण तीन दिवसांनी दळण करायचं तर गिरणी जवळ पाहिजे. आमचा गिरणीवाला आपल्यातला नाही, पण चातुर्मास बसला की सकाळी पहिलं दळण आमच्या गल्लीचं घेतो, जातं झाडून. भाजीवाली मावशी तर आमच्या आधी विचारते, “अक्का, चौमास बसला न्हवं?” मग तिच्या बुट्टीत पालेभाजी खाली जाते आणि वर दोडका, पडवळ, घेवडा येतो. चातुर्मास संपल्यावरची पहिली मेथी तीच आणून देते, पैसे नंतर.

हे सगळं आता लिहायचं कारण म्हणजे आमच्या घरात फ्लॅटची चर्चा चालू आहे. मुलानं हायवेकडे एक बघून ठेवलाय. लिफ्ट आहे, पार्किंग आहे. माझे गुडघे दुखतात आणि आमचा जिना उभा आहे, त्यामुळं त्याचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. पुराचंही खरं आहे. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांवर गेली की आमच्या पेठेत झोप उडते, 43 ला सामान वर चढवायला सुरुवात. 2019 ला आणि पुन्हा 2021 ला आम्ही ते भोगलंय. ओल्या भिंतींचा वास महिनोन्महिने गेला नव्हता.

तरीही माझं मत सांगते. घर बदलताना आपण खोल्या मोजतो, चौरस फूट मोजतो, पण पावलं मोजत नाही. डिसेंबरात आमच्याकडे सहाच्या आसपास सूर्य मावळतो. यांचं दुकान चार गल्ल्या पलीकडे आहे म्हणून दुकान पोराच्या हवाली करून हे साडेपाचला येऊन जेवून जातात. हायवेवरून त्या वेळच्या गर्दीतून कसे येणार? मग आधी एखाद्या दिवशी चुकेल, नंतर रोजचंच होईल. पावसाळ्यात कोपऱ्यावर महाराज दिसले की आम्ही सात-आठ घरच्या बायका कलश घेऊन दारात उभ्या राहतो. गेटवर वॉचमन आणि सहाव्या मजल्यावर आमचं दार, तिथं पडगाहन कसं करायचं? व्रत आपण एकटीनं घेतो खरं, पण ते पार पडतं गल्लीच्या जिवावर.

आणि नुसतं आपलंच नाही. चैत्रात जोतिबाला निघालेल्या सासनकाठ्या जवळून जातात तेव्हा आमच्या दारात पाण्याचा पिंप असतो, गाळून भरलेला. दिवाळीनंतर गुऱ्हाळं लागली की शेजारच्या काकू माहेरचा नवा गूळ वाटतात. त्या माळकरी, आम्ही जैन. त्यांची एकादशी आणि आमची चतुर्दशी यांची आठवण आम्ही एकमेकींना करून देतो.

मुलाला मी हे एवढं सगळं बोलले नाही. एवढंच म्हटलं, घेणार असशील तर आधी तिथं एक चातुर्मास भाड्यानं राहून बघू. सूनबाई हसली. ती म्हणाली, “आई, तिथं गिरणी कुठं आहे ते मी आधी बघून येते.” तिला मुद्दा कळला असं दिसतंय. मुलगा काही बोलला नाही. दशलक्षण झाल्यावर ठरवू, असं यांनी मध्ये पडून सांगितलं.

आज पिठाचा तिसरा दिवस. बाहेर झड लागलीय, गहू प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेत. गिरणी साडेआठला उघडते.