विश्लेषण : सह्याद्रीतील वाघांचा जत-आटपाडीशी काय संबंध?

ताडोबा-अंधारी आणि पेंच व्याघ्र प्रकल्पांतून आठ वाघ सह्याद्रीत आणण्यास केंद्राने २०२५ मध्ये मंजुरी दिली. नोव्हेंबरमध्ये ताडोबातील पहिली वाघीण चांदोलीत दाखलही झाली. सातारा-सांगलीच्या पश्चिम टोकावरील हा प्रयोग पूर्वेकडील दुष्काळी तालुक्यांसाठीही का महत्त्वाचा आहे?

हा प्रकल्प कुठे आहे?
कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सुमारे १,१६५ चौरस किमीचे हे क्षेत्र सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी जिल्ह्यांत आहे. गवा, सांबर, बिबट्या, शेकरू ही येथील ओळख.

वाघ बाहेरून का आणावे लागले?
नवे क्षेत्र शोधत दक्षिणेकडील जंगलांतून नर वाघ येथे येतात. माद्या सहसा जन्मस्थळाच्या आसपास राहतात. त्यामुळे वाघ दिसला तरी संख्या वाढत नव्हती. भक्ष्य वाढावे म्हणून सागरेश्वर अभयारण्यातील चितळ चांदोलीत सोडण्यात आले.

पाण्याशी संबंध कसा?
महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिमीहून अधिक पाऊस पडतो. माण, आटपाडी, जत येथे तो ५०० मिमीच्या आसपास. ही दरी धरणे आणि उपसा योजना काही अंशी भरून काढतात. कोयना (१०५.२५ टीएमसी) आणि वारणा (३४.४० टीएमसी) या धरणांच्या पाणलोटात हेच जंगल आहे. कोयनेचे बरेच पाणी वीजनिर्मितीनंतर कोकणात वाशिष्ठीत जाते. उरलेले कराडला कृष्णेत येते. तेथून जवळच टेंभू योजना ते खानापूर, आटपाडीकडे उचलते. वारणा हरिपूरला कृष्णेला मिळते. पुढे म्हैसाळ योजनेतून पाणी कवठेमहांकाळ, जतला जाते. द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागा त्यावर उभ्या आहेत. जंगल टिकले तर माती धरली जाते, धरणात गाळ कमी येतो.

किंमत कोण मोजतो?
धरणे आणि अभयारण्यांसाठी विस्थापित झाली ती डोंगरातील गावे. आता जनावरांवर हल्ले होण्याची भीतीही जंगलालगतच्या वाड्या-वस्त्यांनाच. पाण्याचा लाभ पूर्वेला आणि ओझे पश्चिमेला, असा हा हिशेब आहे. म्हणूनच पशुधनाची भरपाई वेळेत मिळणे कळीचे ठरते.

पुढे काय?
वाघिणी स्थिरावून त्यांना बछडे होणे, ही पहिली कसोटी. राधानगरी, तिलारीमार्गे गोवा-कर्नाटककडे जाणारा भ्रमणमार्ग शाबूत राखणे, ही दुसरी. गावकऱ्यांची साथ नसेल, तर दोन्ही अवघड.