घरची शाळा आणि घरातला वेळ

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवावे, असे ठरविणारी कुटुंबे पुण्या-मुंबईसारख्या शहरांतून आता भेटू लागली आहेत. संख्येने ती अद्याप थोडीच आहेत. कुणाचे मूल शाळेत भेदरून गेलेले असते, कुणाला वाचन-लेखनाची अशी अडचण असते की साठ मुलांच्या वर्गात तिच्याकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नसते. कुणाच्या वडिलांची दर दोन वर्षांनी बदली होते, तर कुणी मूल खेळात किंवा गाण्यात इतके रमलेले असते की शाळेचे सहा तास त्याला परवडत नाहीत. कारणे निरनिराळी असली तरी अपेक्षा एकच असते. शिकणे मुलाला जाचाचे न वाटता आनंदाचे वाटावे.

ही अपेक्षा रास्त आहे. परंतु पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत अशा घरांतून पुष्कळदा दिसणारे चित्र काय असते? कपाटाच्या दारावर वेळापत्रक चिकटवलेले असते. नऊ ते दहा गणित, दहा ते अकरा मराठी, मध्ये पंधरा मिनिटांची सुट्टी. जेवणाच्या टेबलाचे बाक होते आणि आई बाई होते. सव्वानऊला कुकरची शिट्टी होते, साडेनऊला दारावरची घंटा वाजते, मूल चुळबुळ करू लागते आणि आईचा आवाज चढतो. शाळेत निदान चार वाजता सुटका होती आणि सुटल्यावर जायला घर होते. आता घरच शाळा झाल्यामुळे सुटून जायला जागा उरत नाही. ज्या धाकापासून मुलाला दूर न्यायचे होते, तोच धाक त्याच्या मुक्कामी येऊन बसतो.

म्हणून घरच्या शिक्षणाचा विचार करताना दोन प्रश्न एकत्र घ्यावे लागतात. शिकण्यातला आनंद येतो कोठून, हा पहिला. आणि त्या आनंदाची किंमत घरात कोण मोजतो, हा दुसरा. पहिल्याची चर्चा हौसेने होते. दुसऱ्याचा उच्चारही सहसा होत नाही.

घराजवळ काय आहे?

शाळेजवळ नसलेली एक गोष्ट घराजवळ आहे, आणि ती म्हणजे खरा व्यवहार. शाळेतील गणितात कुणी एक दुकानदार काही किलो साखर विकतो. घरात साखर खरोखरच संपते आणि ती आणावी लागते. वाण्याची यादी, दुधाचे महिन्याचे खाते, विजेचे बिल, गॅसची टाकी ही सगळी घरातली क्रमिक पुस्तके आहेत. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो ४० दिवस पुरला तर रोजचा खर्च ३५५ ग्रॅम झाला. पाहुणे आले त्या महिन्यात तो ३२ दिवसच का पुरला, हा प्रश्न नऊ-दहा वर्षांच्या मुलाला पुस्तकातील भागाकारापेक्षा निश्चित अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर घरातल्या सर्वांना हवे असते. विजेच्या बिलात पहिल्या शंभर युनिटांचा दर एक आणि त्यापुढील युनिटांचा दर चढा, हे ज्या मुलाने मीटर वाचून पडताळले, त्याला पुढे करांचे चढते दर समजावून देणे अवघड जात नाही.

जुन्या पिढीतील मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकी पाठ म्हणत. ते पाठांतर कंटाळवाणे होते खरे, पण अपूर्णांक ही बाजारातील रोजच्या देवघेवीची वस्तू आहे, याची जाणीव त्यामागे होती. पावशेर भाजी आणि अडीच वार कापड हिशेबात बसवायचे असे. आज पाठांतराची गरज राहिलेली नाही. पण मंडईत पाव किलो मिरचीचे पैसे मुलाने सांगावेत आणि चुकले तर भाजीवाल्या मावशींनी ते दुरुस्त करावेत, यात परीक्षेची भीती नसते आणि उत्तरपत्रिकाही जागच्या जागी तपासली जाते.

विज्ञानाचेही तेच. उन्हाळ्यात दही चार-पाच तासांत लागते, थंडीत रात्र सरली तरी दूध पातळच राहते. मुलाने आठवडाभर विरजण लावण्याची आणि दही लागण्याची वेळ वहीत टिपली, तर सूक्ष्म जीव आणि उष्णतामान यांचा संबंध त्याच्या हाती लागतो. इडलीचे फुगलेले पीठ, पापडासाठी पाहिलेले ऊन, माठातले गार पाणी, रोज रात्री उशिरा उगवणारा चंद्र, आजोबांच्या पंचांगातील तिथी या सर्वांत प्रश्न दडलेले आहेत. मोठ्यांनी उत्तर सांगण्याची घाई केली नाही, तर मूल ते प्रश्न आपण होऊन विचारते.

महाराष्ट्राला ही दृष्टी नवी नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर सुरू केले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी येथे आणि नंतर अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे प्रयोग केले, त्यात शंख-शिंपले, बिया, पाने, माती हेच शैक्षणिक साहित्य होते. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसताच तेथे कुरणशाळा निघाली. शिक्षक चराऊ रानात गेले. मुलाच्या आयुष्यात जे आधीच चालले आहे तेथे शिक्षण जाऊन पोहोचले, हे त्या प्रयोगाचे मर्म आहे. सदनिकेत वेळापत्रक टांगणाऱ्या पालकाने नेमकी उलटी वाट धरलेली असते.

रोजचा एक तास

मात्र मंडईतील हिशेब मुलाला करू द्यायचा, तर मंडईतून परतायला वीस मिनिटे अधिक लागतात. मुलाने लाटलेली पोळी आफ्रिकेच्या नकाशासारखी होते आणि पीठ जमिनीवर सांडते. व्यवहारातून शिक्षण हे दिसायला बिनखर्ची आहे. प्रत्यक्षात त्याला लागतो तो वेळ, आणि तो घरातील सर्वांत दुर्मिळ पदार्थ आहे.

या बाबतीत गांधीजींची कबुली प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावी अशी आहे. दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांनी आपल्या मुलांना तेथील शाळांत घातले नाही. जोहान्सबर्गमध्ये कचेरीपर्यंतची काही मैलांची वाट चालताना ते मुलांना बरोबर घेत आणि बोलता बोलता शिकवीत. घरच्या शिक्षणाचे याहून आनंददायक चित्र कोणते असणार? परंतु आत्मकथेत त्यांनीच प्रांजळपणे लिहून ठेवले आहे की, मुलांच्या अक्षरशिक्षणासाठी रोज निदान एक तास नियमाने देणे त्यांना साधले नाही आणि याची खंत त्यांना स्वतःलाही होती आणि मुलांनाही. ज्येष्ठ चिरंजीव पुढे शिकण्यासाठी हिंदुस्थानात परतले. शिक्षणाचे तत्त्व उत्तम होते, गुरू असामान्य होता. उणीव होती ती ठरलेल्या एका तासाची.

आज हा तास कोण देतो? उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. केंद्र सरकारने २०१९ साली केलेल्या वेळ-वापराच्या पाहणीत सहा वर्षांवरील पुरुषांपैकी शेकडा २६ जण विनामोबदला घरकामात भाग घेत असल्याचे दिसले. स्त्रियांचे प्रमाण शेकडा ८१ होते. घरकाम करणाऱ्या स्त्रीचा त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, तर पुरुषाचा ९७ मिनिटे. या पाच तासांवर मुलाची शाळाही चढवली, की त्या स्त्रीचा दिवस किती तासांचा होईल, याचा हिशेब घरच्या शाळेचे गोडवे गाताना मांडला जात नाही.

अर्थशास्त्रात एखाद्या गोष्टीची खरी किंमत तिच्यासाठी सोडून द्याव्या लागलेल्या दुसऱ्या गोष्टीवरून ठरते. नोकरी सोडून घरी बसलेल्या आईचा पगार, तिची सेवाज्येष्ठता, निवृत्तीनंतरचे वेतन ही घरच्या शाळेची फी आहे. तिची पावती कुणी फाडत नाही, एवढेच. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिलेली विसंगती प्रसिद्ध आहे. एखाद्या गृहस्थाने घर सांभाळण्यासाठी पगारावर ठेवलेल्या बाईशीच लग्न केले, तर काम तेवढेच होऊनही राष्ट्रीय उत्पन्न घटलेले दिसते. शिकवणीचे मास्तर राष्ट्रीय उत्पन्नात धरले जातात, शिकवणारी आई धरली जात नाही. जे मोजले जात नाही ते फुकट आहे, असा समज घरात लवकर रुजतो. आणि दमलेल्या, मनातून खट्टू झालेल्या माणसाकडून आनंददायी शिक्षण होईल, ही अपेक्षा कोणत्याही मुलाच्या बाबतीत फळाला येणारी नाही.

वेळेशिवाय घर शाळा होऊ शकत नाही, याचा अनुभव देशाने घेतला आहे. मार्च २०२० पासून शाळा दीर्घ काळ बंद राहिल्या आणि कोट्यवधी मुले घरी राहिली. ‘असर’च्या ग्रामीण पाहणीनुसार दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे प्रमाण देशभरात २०१८ साली शेकडा २७.३ होते, ते २०२२ साली २०.५ वर आले. त्या मुलांच्या घरांतही व्यवहार होता, विरजण होते, हिशेब होता. नव्हता तो त्यातून शिकवायला मोकळा असलेला माणूस.

उंबरठ्याच्या आत, उंबरठ्याच्या बाहेर

घरच्या शिक्षणाचे समर्थक आपल्या इतिहासातील थोर उदाहरणे देतात, आणि ती खरीही आहेत. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकवले. आणि त्या मुलीला १८७८ साली कलकत्त्यात ‘पंडिता’ ही पदवी मिळाली. १८७३ साली विवाह होऊन आलेल्या रमाबाईंना न्यायमूर्ती रानडे यांनी स्वतः शिकवावयास घेतले आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष त्यांना सोसावा लागला. परंतु ही शिक्षणे घरात झाली याचे कारण त्या काळी स्त्रियांना शाळेचे दार जवळपास बंद होते. १८४८ साली फुले दांपत्याने पुण्यात मुलींची शाळा काढली ती हे दार उघडण्यासाठीच. ज्या घरांनी तेव्हा शिकवले त्यांनी उंबरठा रुंद केला. आज कुणी ‘घरीच शिकवतो’ असे म्हणून चौदा वर्षांच्या मुलीला धाकटी भावंडे सांभाळायला बसवील, तर तोच उंबरठा पुन्हा भिंत होईल. घरकामातून शिकणे आणि घरकामाला जुंपणे यांतला फरक मुलाच्या वहीत दिसतो. पहिल्यात रोज नवा प्रश्न असतो, दुसऱ्यात रोज तेच काम.

शाळेची आणखी एक गोष्ट घरात तयार करता येत नाही. आईबापांनी निवडले नसते असे मूल शाळेत शेजारी येऊन बसते. त्याचा डबा निराळा, बोली निराळी, घराची परिस्थिती निराळी. त्याच्याशी भांडण होते, मग दोस्ती होते. बालशिक्षण हक्काच्या कायद्याने खासगी शाळांतील शेकडा २५ जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी ठेवल्या त्यामागे हाच विचार आहे. घरी शिकणाऱ्या मुलाच्या पालकांनी गल्लीतले मैदान, सार्वजनिक वाचनालय, गणपतीचा मांडव अशा ठिकाणी हे शेजार जाणीवपूर्वक मिळवून द्यावे लागते. केवळ आपल्यासारख्याच चार सुशिक्षित घरांची मुले एकत्र आणून ते साधत नाही.

कायद्याची स्थिती या बाबतीत धूसर आहे. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य ठरवले. त्यात कसूर करणाऱ्या पालकाला शिक्षा मात्र सांगितलेली नाही. दुसरीकडे १९८९ साली स्थापन झालेली आणि आज राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था परीक्षांचा मार्ग मोकळा ठेवते, आणि राज्य मंडळाचा सतरा नंबरचा अर्जही आहेच. इंग्लंडने १९४४ च्या कायद्यातच मुलाने शाळेत जावे अथवा अन्य मार्गाने योग्य शिक्षण घ्यावे, असा पर्याय स्पष्ट लिहून ठेवला. आपणही हे धूसरपण दूर करणे इष्ट होईल. घरी शिकणाऱ्या मुलाची नोंद शेजारच्या शाळेत असावी, तेथील ग्रंथालय, मैदान आणि प्रयोगशाळा त्याला वापरता यावी, वर्षातून एकदा शिक्षकाने त्याच्याशी सहज गप्पा माराव्यात आणि मुलाला वाटेल तेव्हा वर्गात परतण्याची वाट उघडी असावी. पालकांचे स्वातंत्र्य त्यामुळे घटणार नाही आणि मुलाचा हक्कही निसटणार नाही. अर्थात, मूठभर घरांच्या या सोयीमुळे सार्वजनिक शाळांवरील खर्चात हात आखडता घेण्याचे निमित्त सरकारला मिळता कामा नये. देशातील बहुसंख्य घरांना मुलासाठी मोकळा तास विकत घेणे शक्य नाही, आणि म्हणूनच समाजाने शाळा काढलेल्या आहेत.

राहता राहिला घरातला प्रश्न. मुलाला घरी शिकवण्याचा बेत ज्या घरात चालला असेल, तेथे पुस्तके आणि फळा आणण्यापूर्वी एक कोरा कागद घेऊन त्यावर घरातील प्रत्येक मोठ्या माणसाचा दिवस तासवार लिहून काढावा. आईच्या रकान्यातून कोणते काम वडिलांच्या रकान्यात जाणार आहे, हे त्याच कागदावर ठरावे. संध्याकाळचा स्वयंपाक वडिलांनी मुलाला हाताशी घेऊन केला, तर मापे, तपमान आणि वाट्यांचे अपूर्णांक शिकून होतातच; शिवाय स्वयंपाक कुणाचा असतो, हाही धडा मूल न सांगता शिकते. तो कागद भरता येत नसेल, तर मुलाला शेजारच्या शाळेत पाठवावे आणि रोज रात्री अर्धा तास त्याच्याबरोबर बसून दुधाचे खाते लिहावे. तेवढ्यानेही शिकण्यातली गोडी पुष्कळ टिकून राहील.