मुक्काम कुठे करावा?

कोमो सरोवराकाठी मुक्काम कुठे करावा, असे कुणी विचारले की आम्हांला मान्झोनीची 'इ प्रोमेस्सी स्पोझी' (१८२७) आठवते. लेक्कोजवळच्या एका खेड्यातील रेंत्सो आणि लुचिया यांना एका सरदाराच्या दंडेलीमुळे रातोरात, होडीतून गाव सोडावे लागते. ज्या काठावर आपण खोली शोधतो, त्याच काठावरून ही माणसे आपल्या घराला मुकली.

सोयीचा विचार गौण नाही. वारेन्नाला रेल्वे स्थानक आहे. बेलाज्जोला बोटीने किंवा रस्त्याने जावे लागते. चिंक्वे तेर्रेतील कोर्नील्या गाव स्थानकापासून पावणेचारशेंहून अधिक पायऱ्या वर आहे. परंतु प्रश्न केवळ पायऱ्यांचा नाही. १९९७ साली जागतिक वारसा ठरलेल्या त्या किनाऱ्यावर राहते घर पर्यटकांच्या भाड्याला लागले, की गावकऱ्यांसाठी एक घर कमी होते. इथे दंडेली कुणाचीच नसते. गाव मात्र रिकामे होत जाते.

मग लेव्हांतोसारख्या शेजारच्या गावात उतरून दिवसापुरते हिंडून यावे काय? तसे केल्याने गर्दी तेवढी वाढते. आमच्या मते, गावातच राहावे. पण पूर्वीपासून पथिकाश्रम असलेल्या जागी, हंगाम टाळून, एकाऐवजी चार रात्री. खिडकीतून सरोवर दिसते का, हे जरूर विचारावे. त्याआधी एवढेच विचारावे, की या खोलीत पूर्वी कोण राहत होते?